गट मुलांचा नाही, प्रौढांचा आहे : ऑटिझम पालक संघटना आणि विशेष शाळांच्या विश्वस्तांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या ऑटिझम पालक संघटनांचे पदाधिकारी, विशेष शाळांचे विश्वस्त आणि व्यवसाय प्रशिक्षण कार्यशाळांचे संचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ प्रमाणे मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरता आहे. वय भरलं की रोजचा रिक्षावाला, ठरलेला बाक, मधल्या सुट्टीतला डबा आणि ओळखीच्या बाई, सगळं एकदमच सुटतं. पुढची पोकळी भरायची म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी ऑटिस्टिक प्रौढांसाठी ऑनलाइन गट काढले आहेत, काही जण काढायच्या बेतात आहेत. हे गट कसे चालतात आणि का बंद पडतात, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे.

बंद पडण्याची तऱ्हा बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पहिल्या आठवड्यात ओळखी होतात. मग फुलांची सुप्रभातं सुरू होतात. त्यानंतर पालकांच्या पालकांशी चर्चा: कुठले डॉक्टर, कुठलं प्रमाणपत्र, झोपेचं काय. थोड्याच दिवसांत ज्यांच्यासाठी गट काढला ते गप्प होतात आणि कार्यकारिणीच्या बैठकीत वाक्य येतं, “आमची मुलं लिहीतच नाहीत हो.”

यातला पहिला दोष ‘मुलं’ या शब्दातच आहे. मराठीत आईबापांना पन्नाशीचा मुलगाही मूलच, हे खरं; पण जिथे एकतीस वर्षांचा, नोकरी करणारा माणूस स्वतःच्या नावाने लिहिणार आहे, तिथे त्याच्याविषयी त्याच्यासमोर ‘आमची मुलं’ म्हणून चर्चा चालली असेल तर तो काय लिहील? तुमच्या सासूबाई, डॉक्टर आणि मुख्याध्यापक ज्या गटात आहेत, तिथे तुम्ही तरी मनातलं किती लिहिता?

म्हणून पहिली मागणी: पालकांचा गट आणि प्रौढांचा गट वेगळे करा. पालकांच्या गटाची गरज खरी आहे, तो जरूर चालू ठेवा. पण प्रौढांच्या गटात सदस्य म्हणून फक्त १८ पूर्ण झालेल्या ऑटिस्टिक व्यक्ती असाव्यात. ‘फक्त वाचायला’ म्हणून आत बसलेला एक पालकही पुरतो, कारण गप्प वाचणारा कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

इथे हमखास हरकत येते की आम्ही त्याचे पालक आहोत, आम्हाला कळलं पाहिजे. कायद्यात आईवडील असणं आणि कायदेशीर पालक असणं या दोन गोष्टी आहेत. १८ पूर्ण झाल्यावर पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून ते घ्यावं लागतं. २०१६ च्या कायद्याचं कलम १४ तर मर्यादित पालकत्वाबद्दल बोलतं, म्हणजे त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, एखाद्या ठरावीक निर्णयापुरती आणि ठरावीक काळापुरती मदत. मित्राला पाठवलेला संदेश वाचणं त्यात कुठे बसतं, हे आम्हाला अजून कोणी दाखवलेलं नाही. ज्यांच्यासाठी रीतसर पालक नेमलेले आहेत त्यांना घेताना मात्र त्या पालकांची लेखी संमती आणि सदस्याची स्वतःची इच्छा, दोन्ही विचारा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती ठेवण्याआधी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलं आहे.

टाइप करायला मदत लागणारे सदस्य असतात. आई शेजारी बसते, भाऊ टाइप करतो. यात गैर काही नाही, शब्द कोणाचे आहेत ते स्पष्ट राहिलं म्हणजे झालं. नियम एका ओळीचा करा: मदतीने लिहिलेल्या संदेशाच्या सुरुवातीला ‘सहायकाने टाइप केले’ असं लिहायचं, आणि सहायकाला स्वतःचं मत मांडायचं असेल तर ते पालकांच्या गटात. न बोलणाऱ्या सदस्यांपैकी काही जण चित्रांवर बोट ठेवून वाक्य बनवणारी ॲप वापरतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे त्यातलंच, मराठीतही चालणारं. अशा सदस्याला एका वाक्याला तीन-चार मिनिटं लागू शकतात. तोवर विषय पुढे गेला तर त्याचं वाक्य अधांतरी राहतं. त्याच्यासाठी वेगळा नियम नको, उत्तर देताना मूळ संदेश दाबून त्यालाच उत्तर जोडायची सवय सगळ्यांनाच लावा. कोणतं वाक्य कशाबद्दल आहे हे तासाभरानेही कळतं.

प्रवेशाला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागू नका. मोठेपणी निदान होणं आपल्याकडे अवघड आणि खर्चिक आहे. शाळेत ‘हुशार पण एकलकोंडा’ किंवा ‘लाजाळू मुलगी’ म्हणून निभावलेल्या कित्येकांना तिशी-चाळिशीत पहिल्यांदा ऑटिझम हा शब्द सापडतो. त्यांच्याकडे कागद नसतो. दाराशी कागद मागितला की ज्यांना समवयस्कांची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेच बाहेर राहतात. त्याऐवजी लेखी तीन प्रश्न विचारा: वय १८ पूर्ण आहे का, तुम्ही ऑटिस्टिक आहात किंवा आपण असू असं तुम्हाला वाटतं का, या गटात काय वाचायला आणि काय लिहायला आवडेल. तिसऱ्या उत्तरावरून औषध विकणारा आणि प्रबंधासाठी नमुने गोळा करणारा लगेच ओळखू येतो.

आता चावीबद्दल. प्रशासकाची सत्ता ऑटिस्टिक व्यक्तींकडे असली पाहिजे, ‘प्रतिनिधी’ म्हणून एक नाव घेऊन भागणार नाही. तीन प्रशासकांपैकी निदान दोन ऑटिस्टिक असावेत आणि गट बंद करण्याचा किंवा कोणाला काढण्याचा निर्णय त्यांच्याशिवाय होऊ नये. ही भावनेची मागणी नाही, तिला आधार आहे. जिम सिंक्लेअर, डोना विल्यम्स आदींनी १९९२ मध्ये ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केलं. १९९४ पासून त्यांचा ईमेलवर चालणारा गट होता. नेदरलँड्सच्या मार्टाइन डेकर यांनी १९९६ मध्ये तसाच दुसरा गट काढला. मेंदूंच्या वेगळेपणाकडे दोष म्हणून न पाहता विविधता म्हणून पाहावं, ही आज सगळे बोलतात ती कल्पना अशा गटांतल्या रोजच्या लिखाणातून घडत गेली. संस्थांनी आखलेल्या कार्यक्रमांतून ती आली नव्हती. पुढे २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने मांडलं की समजुतीची अडचण एकट्या ऑटिस्टिक माणसाची नसते, ती दोन्ही बाजूंनी असते. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्यांमध्ये एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र तपशील जास्त गळाले. तुमच्या मिश्र गटात काय गळतं, ते यावरून ताडता येईल.

मग प्रश्न येतो कुठल्या ॲपवर. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, त्याचा पडदा मराठीत मिळतो, घरात नवं काही शिकवावं लागत नाही. तोटे मात्र माहीत असू द्या. साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो आणि स्त्री सदस्यांना त्याचा त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. निळ्या खुणा बंद केल्या तरी ती सोय गटातल्या संदेशांना लागू होत नाही. आपण वाचलं हे दिसतंच. ‘वाचलं आणि उत्तर नाही’ याची धास्ती असलेला माणूस मग गट उघडायचंच टाळतो. सगळे विषय एकाच नळातून येतात, तो तोटा वेगळाच.

टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो, पण तो आपोआप लपतो असं समजू नका. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली ‘फोन नंबर’ हा पर्याय ‘कोणालाही नाही’ वर आणि ‘नंबरावरून मला कोण शोधू शकतं’ हा ‘माझे संपर्क’ वर न्यावा लागतो. ज्याच्याकडे आधीच तुमचा नंबर साठवलेला आहे त्याला तो तरीही दिसणारच. गटाच्या सेटिंगमध्ये ‘टॉपिक्स’ सुरू केले की विषयवार खोल्या होतात, नव्या सदस्यांना जुने संदेश दिसतात आणि ‘स्लो मोड’ लावता येतो, म्हणजे एका सदस्याच्या दोन संदेशांत ठरावीक अंतर पडतं. ३० सेकंद किंवा १ मिनिट पुरे. वाद चिघळला तर तेवढ्यापुरतं ५ किंवा १५ मिनिटं करा आणि तसं केल्याचं गटात लिहा, नाहीतर लोकांना फोन बिघडला असं वाटतं. टेलिग्रामच्या गटांतले संदेश फक्त सदस्यांनाच वाचता येतील असे कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसतात, ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतात; आधार, यूडीआयडी आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तिथे टाकू नयेत, हे प्रवेशावेळीच सांगा. डिस्कॉर्ड खोल्यांच्या बाबतीत सर्वांत सोयीचं आहे, पण ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याच्यासमोर पहिल्या दिवशी इतकी दारं उघडतात की तो परत फिरतो. तरुण, खेळ खेळणारे सदस्य जास्त असतील तरच ते घ्या.

आमचा कौल टेलिग्रामला आहे. मात्र व्हॉट्सॲपवरच राहायचं ठरलं असेल तर निदान एवढं करा: सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त प्रशासकांना, नव्या सदस्याला मंजुरी लागेल हा पर्याय चालू, आणि प्रत्येकाला गट कायमचा ‘म्यूट’ कसा करायचा ते पायरीपायरीने दाखवणारी चित्रं. म्यूट केल्याने कोणाचा अपमान होत नाही, हेही त्या चित्राखाली लिहा. बऱ्याच जणांना तसं वाटतं.

खोल्या किती? सुरुवातीला पाच पुरतात: सूचना (इथे फक्त प्रशासक लिहितील), रोजच्या गप्पा, आवडीचे विषय, नोकरी-कागदपत्रं-दवाखाना, आणि जड विषय. यातली आवडीच्या विषयांची खोली संस्थांना हमखास अनावश्यक वाटते. एखादा सदस्य लोकलच्या गाड्यांच्या डब्यांवर सलग चाळीस संदेश टाकतो, दुसरी एसटीच्या आगारांची यादी करते, तिसऱ्याला देवनागरी टंकांतल्या ‘ल’ आणि ‘श’ च्या वळणांवर बोलायचं असतं. चांगल्या मनाचे स्वयंसेवक मग त्यांना ‘थोडं इतरांचंही ऐकूया’ म्हणतात. इथेच गट मरतो. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे ऑटिस्टिक मनाचं लक्ष एका वेळी थोड्याच वाटांनी पण फार जोरात वाहतं. ती वाट अडवली की माणूसच बाहेर जातो. चाळीस संदेश वेगळ्या खोलीत असतील तर ज्याला नकोत त्याने ती खोली म्यूट करावी. दोघांचंही भागतं. आणि एकाच्या चाळीस संदेशांना दुसऱ्याने डब्यांच्या क्रमांकासह दिलेलं उत्तर, ही या लोकांची गळाभेटच असते. ती वाया जाऊ देऊ नका.

जड विषयांच्या खोलीत संदेशाची पहिली ओळ विषयाची असावी, उदाहरणार्थ ‘विषय: शाळेतली मारहाण’. मग काही रिकाम्या ओळी, मग मजकूर. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर झाकून पाठवता येतो, वाचायचा असेल त्याने बोट लावून उघडायचा. हलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या चित्रांना सगळ्याच खोल्यांत बंदी घाला. ध्वनिसंदेशांना बंदी नको, कारण काहींना लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं. पण सोबत दोन ओळींचा लेखी सारांश हवा. सारांश ज्याला जमणार नाही त्याने ‘कोणीतरी लिहून द्या’ म्हणावं. लिहून देणारे भेटतात.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण परदेशी नियमावल्यांची मराठी प्रत काढून हे साधत नाही. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. नकार द्यायचा तर ‘बघू’ म्हणतो. ‘कधीतरी या की घरी’ हे आमंत्रण असतं की निरोप, हे ऐकणाऱ्याने चेहऱ्यावरून ओळखायचं. ‘शहाणाच आहेस’ याचा अर्थ तर सुरावरच ठरतो आणि लेखी मजकुराला सूर नसतो. गप्पांमध्ये हे सगळं चालू द्या. ऑटिस्टिक माणसांना शब्दांचे खेळ कळत नाहीत हा निव्वळ गैरसमज आहे, कोट्या करण्यात काही जण तुम्हाला सहज हरवतील. पण प्रशासकाच्या सूचनेत यातलं काहीही नको. ‘संध्याकाळी भेटूया, जमेल तसं या’ ही सूचना नाही. सूचना अशी असते:

“रविवार, संध्याकाळी ५:०० ते ५:३५, झूमवर. विषय: नोकरीच्या जागी दुपारचं जेवण. दुवा रविवारी दुपारी ४ वाजता याच खोलीत येईल. कॅमेरा बंद चालेल. न बोलता फक्त टाइप केलं तरी चालेल. उशिरा आलात किंवा लवकर गेलात तर कारण सांगायची गरज नाही.”

मराठीची आणखी एक गोम क्रियापदात आहे. ‘आला, आली, आले’ यातलं काहीतरी निवडल्याशिवाय माणसाबद्दल साधं वाक्य होत नाही. म्हणून प्रवेशावेळी विचारा: तुमच्याबद्दल लिहिताना ‘तो आला’, ‘ती आली’ की ‘ते आले’? तुम्हाला ‘तू’ म्हटलेलं आवडेल की ‘तुम्ही’? आणि तुमच्यासाठी ऑटिस्टिक, ऑटिझम असलेली व्यक्ती, स्वमग्न यातला कुठला शब्द वापरावा? ‘स्वमग्न’ या शब्दावर अनेकांचा राग आहे, कारण तो आत्ममग्न, स्वार्थी असा ऐकू येतो. काहींना तोच घरचा वाटतो. संस्थेच्या नावात तो असेल तर असू द्या, पण माणसाला त्याने निवडलेल्या शब्दाने हाक मारा. नव्या सदस्याला एकदम ‘अरे, तू’ करणं तर लगेच थांबवा. त्याच वयाच्या ऑटिस्टिक नसलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही तसं करत नाही.

नियम लिहिताना ‘एकमेकांचा आदर ठेवा’ हे वाक्य कामाचं नाही. आदर म्हणजे नेमकं काय करायचं? करता येईल किंवा टाळता येईल अशी कृती लिहा. ‘एखाद्याने “हा विषय थांबवा” असं लिहिलं की त्याला उद्देशून त्या विषयावर पुढचा संदेश पाठवू नका.’ ‘खासगी संदेश पाठवण्याआधी गटात विचारा. उत्तर आलं नाही तर ते नाही असं समजा.’ ‘कोणाचा स्क्रीनशॉट गटाबाहेर नेऊ नका, घरच्यांनाही दाखवू नका.’ असे सात-आठ नियम पुरे. खासगी संदेशासाठी जुनी, सोपी युक्ती आहे. ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनलच्या मंडळींनी १९९६ पासून ऑट्रीट नावाची निवासी संमेलनं भरवली, त्यात रंगीत बिल्ले वापरले जात. लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी या, हिरवा म्हणजे या, मलाच सुरुवात करणं जमत नाही. हाच ठिपका सदस्याने आपल्या नावापुढे लावायचा. रंग त्या दिवसापुरता असतो, तो बदलला म्हणून कोणी रुसायचं नाही, हेही नियमात येऊ द्या.

नियम मोडला की काय होतं? बहुतेक गटांत प्रशासक गुपचूप सदस्याला काढतो. यापेक्षा वाईट पद्धत सुचणं कठीण. शाळेत, नोकरीत, नातेवाइकांत कारण न कळता बाहेर काढलं जाणं ज्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलेलं असतं, त्यांच्यासाठी ही त्याचीच पुनरावृत्ती असते. पायऱ्या अशा ठेवा. आधी खासगी संदेश: कुठला संदेश, तो जसाच्या तसा उद्धृत करून, कुठला नियम, त्याऐवजी काय लिहिता आलं असतं. पुन्हा झालं तर २४ तास लिहिणं बंद, आणि ‘उद्या रात्री ८ वाजता तुम्हाला परत लिहिता येईल’ असं तासासकट. तिसऱ्यांदा झालं तर एक महिना, परतीच्या तारखेसह. धमकी, लैंगिक छळ आणि पैशाची फसवणूक यांना मात्र या पायऱ्या नाहीत. तिथे सदस्यत्व त्याच दिवशी संपतं आणि कारण लेखी कळवायचं. माफी सक्तीने मागायला लावू नका. पुढे काय वेगळं करायचं ते कळणं जास्त उपयोगाचं असतं.

काही भांडणांत दोष कोणाचाच नसतो. एकीला दुःख झालं की तेच शंभरदा लिहावंसं वाटतं, दुसऱ्याला ते वाचलं की दिवसभर काम होत नाही. दोघांच्या गरजा खऱ्या आहेत आणि एकमेकींना आडव्या येतात. प्रशासकाने न्यायाधीश व्हायचं नाही, जागा वेगळ्या करायच्या: जड विषयांच्या खोलीत तिच्यासाठी एक धागा, आणि त्याला ती खोली म्यूट करायची मोकळीक.

फसवणुकीबद्दल दर महिन्याला एकदा सूचना टाका. घरबसल्या नोकरी, झटपट कर्ज, ‘डिजिटल अटक’ यांचे फोन सगळ्यांनाच येतात. पण समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा आणि घाईत निर्णय घेताना गोंधळणारा माणूस त्यात लवकर सापडतो. सूचना तीन वाक्यांची हवी: फोनवर अटक होत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेलाही नाही. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा. फोनवर बोलणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कोणता प्रशासक त्यांच्या वतीने फोन करेल, ते आधीच ठरवून ठेवा.

उपचार विकणाऱ्यांना दार बंद. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून ऑटिझम बरा होतो असं सांगणाऱ्यांच्या जाहिराती तुमच्या पालक गटांत फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. प्रौढांच्या गटात तर ‘तुम्हाला बरं करू’ हे वाक्यच दुखावणारं आहे. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि पत्रकार यांनी आपली विनंती प्रशासकांकडे द्यावी. किती प्रश्न, किती वेळ, नाव कुठे येणार, मोबदला किती, हे लिहिलेलं असेल तरच ती सूचनांच्या खोलीत जाईल.

भेटी ऑनलाइन घेणार असाल तर वेळ ३५ मिनिटं धरा. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी भेट तोडतं आणि बोलता बोलता पडदा काळा होणं हा शेवट वाईटच. तीसाव्या मिनिटाला ‘पाच मिनिटं राहिली’ असं बोलून आणि लिहून सांगा. सुरुवातीला सगळे म्यूट असू द्या, कुकरची शिट्टी आणि शेजारचं बांधकाम यांनी अर्धे लोक पाच मिनिटांत दमतात. स्वतःचा चेहरा स्वतःला न दिसण्याची सोय झूममध्ये आहे, ती दाखवून द्या. अचानक तीन-तीन जणांच्या छोट्या खोल्यांत पाठवू नका. ज्याला कोणीच ओळखत नाही तो तिथून थेट बाहेर पडतो आणि पुन्हा येत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पंधरा आकडे मोजा, मग टाइप केलेली उत्तरं मोठ्याने वाचा, मगच पुढे जा. सूत्रसंचालकांना ही पंधरा सेकंदं फार जड जातात. शांतता भरून काढायची आपल्याला इतकी सवय असते की ती चौथ्या सेकंदालाच मोडते.

संकटाच्या वेळचं आधी ठरवा. प्रवेशावेळी प्रत्येकाकडून एक नाव आणि नंबर घ्या: जिवाला धोका वाटला तर कोणाला कळवायचं? ते नाव आईवडिलांचंच असावं असं नाही. कधीकधी धोका घरातूनच असतो. ही यादी दोनच प्रशासकांकडे असावी, गटात नाही. कोणी ‘सगळं असह्य झालंय’ लिहिलं तर लगेच घरी फोन करू नका. खासगीत सरळ विचारा: आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का? जीव देण्याचा विचार आहे का? कोणी सोबत आहे का? प्रश्न आडून विचारले तर उत्तरंही आडूनच येतात. भोवऱ्यात सापडलेला माणूस लांब लिहू शकत नाही, म्हणून उत्तरासाठी ‘१ हो, २ नाही, ३ सांगता येत नाही’ असे पर्याय द्या. आपल्या भावनेला नाव देणं अनेक ऑटिस्टिक माणसांना शांत असतानाही अवघड जातं. ‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे उत्तर आलं तर ती टाळाटाळ नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. धोका आत्ताचा असेल तर ११२ आणि यादीतला नंबर, आणि तसं करतोय हे त्या सदस्याला त्याच क्षणी सांगा. गरज नसताना घरी फोन गेला, तर तो सदस्य पुढच्या खेपेला काहीच लिहिणार नाही आणि खरं संकट तुम्हाला कळणारही नाही.

प्रशासकही थकतात. पन्नासेक बोलत्या सदस्यांच्या गटाला रोज साधारण तासभर लागतो, भांडणाच्या दिवशी तीन. ते काम पाळीने वाटा. रात्री १० ते सकाळी ८ गट फक्त वाचण्यापुरता खुला ठेवा आणि ही वेळ गटाच्या वर्णनात लिहा. त्या वेळेत कोणी देखरेख करत नसेल तर १४४१६ आणि ११२ त्याच वर्णनात हवेत. ऑटिस्टिक प्रशासकांना मानधन द्या. स्पीच थेरपिस्टना, प्रशिक्षकांना आणि वार्षिक संमेलनाच्या मांडववाल्याला तुम्ही पैसे देता. इथेच ‘सेवाभाव’ आठवू नये. निधी नाही म्हणत असाल तर निदान दर महिन्याचा रिचार्ज आणि झूमचं खातं संस्थेने भरावं.

सुरुवात बारा ते पंधरा जणांनी करा आणि पहिले दोन महिने नवे सदस्य घेऊ नका. उद्घाटन, पाहुणे आणि स्क्रीनशॉटसह बातमी नको. कार्यकारिणीला अहवाल हवाच असेल तर तो आकड्यांचा द्या: किती सदस्य, किती भेटी, किती खर्च. कोण काय लिहितं ते अहवालात जात नाही. किती जण ‘सक्रिय’ आहेत हेही मोजू नका. सहा महिने नुसतं वाचणारा माणूस गटात आहे, आणि त्याला तो तसाच हवा असू शकतो.

आणि गट बंद करायचाच झाला, निधी संपला किंवा माणसं थकली, तर रातोरात करू नका. ३० दिवस आधी तारखेसह लिहा. ज्यांना एकमेकांशी संपर्क ठेवायचा आहे त्यांच्यासाठी एक खोली उघडा, जिथे ज्याला हवं त्यानेच स्वतःचा पत्ता किंवा नंबर द्यावा. आवडीच्या विषयांतलं लिखाण उतरवून घ्यायला सगळ्यांना वेळ द्या. शेवटच्या दिवशी संकटाच्या नंबरांची यादी नष्ट करा आणि ती केल्याचं गटात लिहा. गट पुढे चालवायला सदस्यांपैकी कोणाला चावी हवी असेल तर ती त्यांना द्या, संस्थेचं नाव काढून.

कळावे,

मराठीतल्या ऑटिस्टिक प्रौढांच्या गटांचे काही नियंत्रक